कामाचे डाग

मावशीचं मत पडलं की हा ताप दुःखाचा आहे. दुःखाच्या तापाला डॉक्टर लागत नाही, झोप लागते. तिने आईच्या कपाळावर ओल्या रुमालाची घडी ठेवली, पडदा ओढला आणि मला डोळ्यांनीच बाहेर बोलावलं.

"झोपू दे तिला. इतके दिवस नुसती उभी आहे. माणूस गेलं की आधी कामं पुरतात, मग अंग बोलायला लागतं."

"तिचं डोकं दुखतंय, मावशी."

"माझंही दुखतंय. तुझं नाही दुखत? या घरात सध्या कुणाचं डोकं दुखत नाही ते सांग."

खरं होतं ते. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि आम्ही तिघी त्या घरात अशा वावरत होतो, जणू कुणी आम्हाला सामान हलवायला बोलावलंय आणि कुठलं सामान ते सांगायला विसरलंय. उचललेली वस्तू परत तिथेच ठेवली जायची. चहा केला जायचा आणि प्यायचा राहायचा.

मी परत आत गेले, आईचा हात हातात घेतला. कोरडा, भाजणारा. थर्मामीटर लावायची गरज नव्हती, तरी लावला.

"मळमळतंय?"

"हं."

"पोटऱ्या दुखतात का?"

"तू डॉक्टर झाली नाहीस ते बरंच झालं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तुझे पेशंट प्रश्नांनीच गेले असते."

तिला थट्टा सुचतेय हे मी चांगलं लक्षण धरलं. मग आठवलं की बाबांनाही बरेच दिवस सुचत होती, आणि धरलेलं सोडून दिलं.

"ऊठ. साडी बदल. दवाखान्यात जातोय आपण."

"कशाला?"

"तुला माहीत आहे कशाला."

ती उठून साडी शोधायला लागली. म्हणजे माहीत होतं.

*

बाबा लाकडाला पॉलिश करायचे. त्यांचा आणि सुतारकाकांचा कारखाना एकच होता. कारखाना म्हणायचं, एरवी पत्र्याखालची एक लांबट शेड. पुढच्या अर्ध्यात काका कापायचे, जोडायचे. मागच्या अर्ध्यात बाबा त्या लाकडाला चेहरा द्यायचे. मशीनने फवारलेलं पॉलिश त्यांना मंजूर नव्हतं. लाखेच्या पातळ पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाचा बोळा जुन्या धुवट कापडात बांधायचा, आणि लाकडावर गोल गोल फिरवत एकावर एक हात चढवायचे. हातमोजे त्यांनी कधी घातले नाहीत. "मोजा घातला की बोळा मुका होतो," म्हणायचे. बोळा कुठे अडखळतोय हे बोटांना कळलं पाहिजे. त्यामुळे त्यांचे तळहात जन्मभर जुन्या कपाटाच्या रंगाचे राहिले. साबणाने तो रंग फिका व्हायचा, जायचा नाही. मावशी म्हणायची, "भाऊजींचा हात कुठल्या ज्योतिषाला दाखवून उपयोग नाही. लाकडाच्या भेगांत भरतात तशी त्यांनी रेषांमध्येसुद्धा लांबी भरून घेतलीय."

स्पिरिटने त्यांच्या अंगावर उठायचंही. मनगटावर, कोपरापर्यंत, लालसर पुरळ. चार-सहा महिन्यांनी एकदा उठायचं, आई त्यावर गुलाबी औषध लावायची, आणि ते आपोआप बसायचं. घरात त्याला आजार म्हणून कुणी मोजलंच नव्हतं. जसं काकांच्या केसांत भुसा, तसं बाबांच्या हातावर पुरळ.

पॉलिशच्या कामात हात रिकामे राहण्याचा वेळ फार. एक हात चढवला की तो सुकेपर्यंत दुसरा चढवता येत नाही, आणि घाई केली तर खालचा उचकटतो. त्या मधल्या वेळात काका बिडी ओढायचे आणि बाबा मुनीमच्या गोचिडी काढायचे.

मुनीम म्हणजे कुत्रा. तो कुणी आणलेला नव्हता. एक दिवस शेडच्या दारात येऊन बसला आणि आल्यागेल्या प्रत्येकाची वास घेऊन नोंद करू लागला, म्हणून ते नाव. दुरुस्तीला आलेल्या जुन्या सोफ्यावर, खुर्च्यांच्या फाटक्या गाद्यांवर तो झोपायचा. दुपारी बाबा स्टुलावर बसले की त्यांच्या मांडीवर डोकं टाकायचा. बाबा त्याचे कान उलटे करायचे, फुगलेली गोचीड चिमटीत धरून ओढायचे आणि बाकाच्या कडेवर अंगठ्याच्या नखाने चिरडायचे. टच्च आवाज यायचा. लहानपणी मला त्या आवाजाची किळस यायची, आणि तरी मी बघत उभी राहायचे.

गोचिडीच्या चाव्यातून ताप येतो हे मला आता ठाऊक आहे. चिरडलेल्या गोचिडीचा रस नखाजवळच्या एखाद्या ओरखड्यातून अंगात गेला तरी येतो, हेही ठाऊक आहे. मुद्रितं तपासणं हे माझं काम. वाचायची सवय जात नाही, आणि बाबा गेल्यावर मी दुसरं काही वाचूच शकले नाही. तपकिरी रंगाची ही गोचीड घरातच राहते. भिंतीच्या भेगांत, फर्निचरच्या सांध्यांत अंडी घालते. शेडमध्ये सांध्यांना काय तोटा?

बाबांना ताप आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो साधाच धरला. त्या दिवसांत घरोघरी ताप होता. "डोक्यात कुणीतरी रंधा मारतंय," ते म्हणाले, "आणि मेल्याने पात्याला धारसुद्धा लावून घेतलेली नाही." जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तापाची गोळी दिली. ताप हटेना तेव्हा आई त्यांना परत घेऊन गेली. मीही होते. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघता बघता बाबांची बाही वर सारली.

"हे ठिपके कधीपासून आहेत?"

बाबांनी तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "ते कामाचं आहे. यांना स्पिरिटने उठतं नेहमीच."

बाबांनी मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे हात उलटे करून तळवे पाहिले. तळवे तपकिरी होते, नेहमीसारखे. त्यांनी हात खाली ठेवले.

मग मोठं रुग्णालय. तिथे हाताला सलाइनची सुई लावायची होती आणि पॉलिशवर चिकटपट्टी धरेना. नर्सने वैतागून स्पिरिटचा बोळा घेतला आणि हात खसाखसा पुसायला लागली. लाखेचं पॉलिश कशाला दाद देत नाही, स्पिरिटला देतं. बोळा तपकिरी झाला, दुसरा घेतला, तोही झाला. मनगट स्वच्छ झालं, मग तळहात, आणि तळहातावर खालून ठिपके वर आले. जांभळट, बारीक, बोट दाबलं तरी न पुसले जाणारे. नर्स थांबली. तिने डॉक्टरांना हाक मारली, डॉक्टरांनी तळपाय पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला: "घरात कुत्रा आहे?"

औषध लगेच सुरू झालं. पण तोवर लघवी बंद झाली होती, आणि मग श्वासही मशीनच्या हवाली झाला. तपासणीचा निकाल आला तेव्हा बाबा नव्हते. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोन केला, तो मी स्पीकरवर ठेवला होता. गोचिडीमुळे होणारा ठिपक्यांचा ताप, ते म्हणाले. आधी कळलं असतं तर, असं मी विचारलं. "साध्या गोळ्या असतात," ते म्हणाले. "सुरुवातीलाच मिळाल्या तर बहुतेक रुग्ण..." आणि मध्येच थांबून त्यांनी घरातल्या बाकीच्यांची चौकशी केली. आई उठली, वाळलेले कपडे घेऊन आली आणि घड्या घालू लागली. बाबांचा एक सदराही त्यांत होता. तिने त्याचीही घडी घातली.

त्या फोनच्या आधी ती रोज दुपारी शेडमध्ये जाऊन बसायची. मुनीम बाबांच्या स्टुलाशी अन्न सोडून पडून असायचा. ती स्टुलावर बसली की तो तिच्या मांडीवर डोकं टाकायचा, आणि ती त्याचे कान उलटे करायची.

*

दवाखान्यात नंबर लावावा लागला नाही. डॉक्टरीणबाईंनी काचेतून आम्हा तिघींना पाहिलं आणि त्या स्वतः दारात आल्या. बाबांच्या तपासणीचा निकाल त्यांनाही कळला होता. तिशी-पस्तिशीच्या असतील. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी वर बांधलेले. तापाचा मोसम अजून संपला नव्हता, बाकावर माणसं एकमेकांना टेकून बसली होती.

"ताप कधीपासून?"

"परवापासून असेल," आई म्हणाली.

"गोचिडी हाताने काढल्या होत्या तुम्ही?"

"काढल्या."

"चिरडल्या?"

"मग काय पाळायच्या होत्या?"

मावशीला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड नेऊन आईला नीट तपासलं. कानामागे, केसांत, काखेत, कमरेला, गुडघ्यांच्या मागे. मनगटं आणि तळवे दिव्याखाली धरून पाहिले. कुठे ठिपका नव्हता, चाव्याची खपलीही नव्हती.

"नाही ना काही?" आई पदर सावरत म्हणाली. "मग साधाच असेल."

"ठिपके यायची वाट मी बघणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कित्येकांना ते उशिरा येतात, काहींना येतच नाहीत. रक्त पाठवते तपासायला, पण सुरुवातीच्या दिवसांत त्यात काही सापडेलच असं नाही. निकाल येईल तेव्हा येईल. गोळ्या आजपासून. सकाळ-संध्याकाळ एकेक. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर नाही, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. घशात अडकली तर जळजळते. उन्हात फिरायचं नाही."

"हे आम्हालाही होईल का हो?" मावशीने विचारलं. "मी सकाळपासून हिचा पेला वेगळा धुतेय."

"माणसाकडून माणसाला होत नाही."

"बघ," मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "उगाच पेला वेगळा धुतला."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाल्या, "मी त्या दिवशी हात उलटे करून पाहिले होते. पुसून पाहिले नाहीत."

"तुम्ही विचारलं होतं," आई म्हणाली. "उत्तर मी दिलं."

बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं, आणि डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

*

घरी आल्यावर मी पाण्याचा पेला आणि गोळी आईच्या उशाशी ठेवली.

"थोडं खाऊन घेते," ती म्हणाली.

मऊ भात केला. दोन घास खाल्ले. "आता जरा बसू दे, नाहीतर उलटून पडेल." बसू दिलं. "पाणी गार आहे." कोमट आणलं. मग ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि झोप लागल्यासारखं करू लागली. आई झोपली की तिचा उजवा पाय किंचित हलत राहतो. तो हलत नव्हता.

मावशी दोनदा आत येऊन गेली. "ताई, गोळी आहे ती, विष नाही. गिळ आणि मोकळी हो." दुसऱ्या वेळी तिचा आवाज चढला. "मी इथे भांडी घासायला आलेय का तुझे नखरे काढायला?" आईने भिंतीकडूनच उत्तर दिलं, "दोन्हीला." मावशी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरुरीपेक्षा जास्त आपटू लागली.

मी खुर्ची ओढून पलंगाशी बसले. या तापात उशीर म्हणजे काय ते मी पाहिलं होतं. घरात गोळी होती, पाणी होतं, आणि उशीर चालूच होता.

"तू घेणार नाहीयेस," मी म्हटलं.

"घेते गं."

"कधी?"

तिने चादर खांद्यापर्यंत ओढली. मग तशीच, भिंतीला सांगावं तशी म्हणाली, "ही घेतली आणि मी बरी झाले, तर?"

"तर काय? त्यासाठीच आहे ती."

"मग मला कळेल."

मी पेला तिच्या आणखी जवळ सरकवला.

"आत्ता कसं आहे," ती म्हणाली, "की मनाला काहीतरी सांगता येतं. वय झालं होतं. छाती काही ठणठणीत नव्हती. गोळ्या मिळाल्या असत्या तरी, कोण जाणे. हे 'कोण जाणे' आहे ना, त्यावर माझा दिवस निघतो. ही गिळली आणि उद्या-परवा ताप उतरला की ते गेलं. मग एवढंच उरेल. डॉक्टर विचारत होत्या, यांनी तोंड उघडलं होतं, आणि मी मध्ये बोलले."

मी पुष्कळ वाचलं आहे. अशा वेळी कुणीतरी योग्य ते बोलतं आणि ऐकणाऱ्याचं मन वळतं, अशी पानं माझ्या हाताखालून शेकडो गेली असतील. मला जे सुचलं ते चांगलं नव्हतं.

"आणि नाही घेतलीस तर मला काय कळेल?" मी म्हटलं. "तुला माहीत होतं, गोळी उशाशी होती, मी शेजारी बसले होते. मी कशावर दिवस काढू?"

तिची पाठ हलली. मला वाटलं ती वळेल. ती वळली नाही. "मला थोडं पडू दे," एवढंच म्हणाली, आणि तिचा आवाज इतका दमलेला होता की मी उठले. भांडण करायचं त्राण दोघींतही नव्हतं.

*

दिवे लागायच्या सुमाराला सुतारकाका आले. शेडची किल्ली द्यायला आलो म्हणाले, पण खरं तर आईची चौकशी करायला आले होते. दारातूनच त्यांचा आवाज घरात शिरला.

"वहिनी, काय हे? तुम्ही आजारी पडायचं ठरवलंत आणि आम्हाला कळवलं नाहीत!"

"या भाऊजी," आई म्हणाली आणि उठून उशीला टेकली. पाहुण्यांसमोर ती झोपून राहत नसे, ताप असो वा नसो.

काका आत आले, चौकटीला खांदा टेकून उभे राहिले. शेड रिकामी करून घेतली, म्हणाले. भेगा सगळ्या बुजवल्या, फवारणी करून घेतली, जुन्या गाद्या जाळून टाकल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी मुनीमच्या मानेवर औषध टाकलं आणि गोचिडींचा पट्टा बांधला. "पट्टा बांधल्यापासून त्याला वाटतंय त्याची बढती झाली. आता नुसता वास घेऊन सोडत नाही, आडवा उभा राहतो. गिऱ्हाइकं म्हणतात, परवानगी काढावी लागते का?"

मी हसले. मावशीही हसली. आई हसली नाही. ती काकांकडे बघत होती.

"दिवा डोळ्यांना लागतोय का तुमच्या?" तिने विचारलं.

"छे, छे."

"मग मघापासून तोंड फिरवून का बोलताय?"

"दिवसभर धूळ खाल्ली, वहिनी. डोकं जरा धरलंय. अंग कसकसतंय दोन-चार दिवस, पण काम एवढं पडलंय की आजारी पडायला सवड नाही." बोलता बोलता त्यांनी मनगट खाजवलं. सदऱ्याची बाही वर सरकली.

"ते काय आहे?"

काकांनी मनगटाकडे असं पाहिलं, जसं ते आधी पाहिलंच नव्हतं. "हे होय? सागाचा भुसा. मला उठतोच तो." बाही खाली ओढली. "कामाचं आहे ते."

मावशीच्या हातात फडकं होतं, ते तसंच राहिलं. मी आईकडे बघायचं टाळलं, आणि मग बघितलं.

तिने पाय पलंगाखाली सोडले.

"पुढे या."

"अहो वहिनी, साधं..."

"पुढे या म्हटलं ना. हात दाखवा. दोन्ही."

काका पुढे गेले. एवढा धिप्पाड माणूस, पण शाळेत छडी खायला गेल्यासारखा हात पुढे करून उभा राहिला. तळहातांवर वाळलेल्या गोंदाचा जाड थर होता, त्यात भुसा रुतून बसलेला. आईने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी ओला टॉवेल दिला. तो पुरेना, तेव्हा तिने नखाने गोंदाची कड उचकटली आणि पापुद्रे ओढून काढायला लागली.

"आई गं," काका म्हणाले. "कातडीसकट नेताय की काय!"

"गप्प बसा."

एक मोठा पापुद्रा निघाला. खालचा तळहात फिकट होता, आणि त्यावर बारीक लाल ठिपके होते.

आईने तो हात दिव्याकडे वळवला. तिने ठिपक्यावर अंगठा दाबला, उचलला, परत दाबला. मग हात सोडून दिला.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा."

"उद्या सकाळी जातो. सकाळी एक कपाट पोचवायचंय, ते झालं की..."

"कपाट गेलं खड्ड्यात! आणि तिथे त्या बाईंनी विचारलं की हे काय, तर तोंडातून भुसा हा शब्द काढायचा नाही. गोचिडी, कुत्रा, यांचं काय झालं ते, सगळं सांगायचं. कळलं? कुणी मध्ये बोललं तर त्याला बोलू द्यायचं नाही."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. बाबांच्या शेवटच्या दिवसांत रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून राहणारे तेच होते. पण घाबरलेलं माणूस हट्टी होतं, तसे तेही झाले. उशाशी ठेवलेल्या गोळीकडे त्यांची नजर गेली.

"हेच का ते औषध? तुम्ही घेतलंत?"

"ती कुठली घेतेय!" मावशीला राहवेना. "दुपारपासून नुसतं दर्शन चाललंय गोळीचं."

"मग मला कशाला पिटाळताय?" काका म्हणाले. "तुम्हाला नको असेल तर मलाच का?"

ते चिडून बोलले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मला काय दिसलं ते मी नक्की सांगू शकणार नाही. माफी नव्हती, आणि निर्धार वगैरेही नव्हता. ओझं घेऊन बराच वेळ उभ्या असलेल्या माणसाला ते खाली ठेवायला जागा नाही हे कळावं आणि त्याने मुकाट्याने पुढचं पाऊल टाकावं, तसं काहीतरी होतं. तिने गोळी उचलली, जिभेवर ठेवली आणि पेलाभर पाणी न थांबता प्याली.

"झालं?" ती म्हणाली. "आता उठा."

"मी उभाच आहे, वहिनी."

"मग चालायला लागा."

मावशीने फडकं माझ्या हातात दिलं आणि चपला घातल्या. "चला हो सुतार. मी येते बरोबर, नाहीतर तुम्ही वाटेत कपाट पोचवून याल." दार बंद झालं तरी जिन्यात तिचा आवाज ऐकू येत होता: काही होत नाही, साध्या गोळ्या असतात, माझ्या ताईने आत्ता घेतली की नाही तुमच्यासमोर?

आई पाठ ताठ करून बसून राहिली. लगेच आडवं व्हायचं नाही, हे तिच्या लक्षात होतं.

*

काकांना डॉक्टरीणबाईंनी त्याच संध्याकाळी मोठ्या रुग्णालयात पाठवलं. तिथे गेल्या गेल्या औषध सुरू झालं. त्यांची बायको फोनवर रडत होती, आणि मग दुसऱ्या फोनला रुग्णालयातल्या जेवणाला नावं ठेवत होती, म्हणजे काका शुद्धीवर होते. आईने पुढची गोळी मागून घेतली, त्याच्या पुढचीही. तिच्या मनगटावर मध्यंतरी चार-दोन फिकट ठिपके उठले. ते तिने स्वतःच मला दाखवले आणि डॉक्टरीणबाईंना कळवायला सांगितलं. तिने बाकी काहीच सांगितलं नाही. मावशी तिच्याशी बोलायची आणि तिचं उत्तरही स्वतःच द्यायची.

एका सकाळी मी खोलीत गेले तर ती उठून बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, पोलकं पाठीवर ओलं, उशी ओली. खिडकीचा पडदा तिने उघडला होता. काहीच मागत नसलेल्या माणसासारखी ती हात मांडीवर ठेवून बसली होती.

"उतरला," ती म्हणाली.

मी तिच्या कपाळाला हात लावला, मग मानेला. गार होतं. घामाने गार. मला इतकं हायसं वाटलं की ते तिला दिसू नये म्हणून मी चादर ओढून सारखी करायला लागले.

"काकांचा?" तिने विचारलं.

"काल संध्याकाळपासून उतरायला लागलाय. काकू म्हणाल्या, ठिपके फिके पडताहेत. अशक्तपणा आहे, पण डॉक्टर म्हणतात, वाचले."

तिने मान हलवली. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीची कडी वाजत होती.

"म्हणजे झाले असते हे बरे," ती म्हणाली.

मी उत्तरं तयार ठेवली होती. बाबांचं वय काकांहून जास्त होतं. त्यांची छाती आधीच कमजोर होती. काही माणसांत हा ताप फार वेगाने चढतो, औषध वेळेवर मिळूनही जातात, हे मी वाचलं होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यातलं कुठलंही एक मी तिला देऊ शकले असते. ती माझ्याकडे बघत होती. तिने गोळ्या घेतल्या होत्या, सगळ्या, हे कळेल हे माहीत असून.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक झाले असते."

"हं."

तिने पदराने मान पुसली. मग विचारलं, "गोळ्या अजून आहेत?"

"आहेत. सगळ्या संपवायच्या आहेत."

"दे मग. नाही, आधी काहीतरी खायला कर. रिकाम्या पोटी मळमळतं."

मी स्वयंपाकघरात आले, तांदूळ धुतले, पातेलं चढवलं. मावशी अजून झोपली होती. पाण्याला आधण यायच्या आत पलीकडच्या खोलीतून आवाज आला. बाबा गेल्यापासून आई रडली नव्हती, त्यामुळे तो आवाज ओळखायला मला वेळ लागला. मी दाराशी जाऊन उभी राहिले, आणि आत न जाता परत आले. गॅस बारीक केला. आता घाई करण्यासारखं काही नव्हतं.